निमा सिस्टरचे निरोप

निमा, तू गेल्याला आज चोवीस दिवस झाले. परवाच्या रविवारी मंडळात तू बोललीस, असं आम्हाला सांगितलं गेलं. मी तिथंच पहिल्या रांगेत बसले होते. ती तू नव्हतीस.

हे तुला ऐकू जातंय यावर माझा विश्वास नाही. एकोणीस वर्षं आपण ज्या मंडळात शेजारी शेजारी बसलो, त्या मंडळाचा पायाच मुळी गेलेली माणसं ऐकतात आणि बोलतात हा होता. आणि मी त्याची चिटणीस होते. तू मला हसायचीस. "मास्तरीणबाई, तुले पटत नाई तं मंग येतं काहून?" असं विचारायचीस. मी म्हणायचे, तुला पकडायला. आपण दोघी हसायचो, पण मी खरंच सांगत होते.

नानांनी हे मंडळ काढलं तेव्हा मी नव्हते. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते दोन वर्षं मुलाकडं विलायतेत राहिले आणि दर रविवारी तिथल्या एका प्रार्थनाघरात जात. त्याला चर्च म्हणत, पण तिथलं मुख्य काम होतं गेलेल्या माणसांचा निरोप मागे राहिलेल्यांपर्यंत पोचवणं. बालाघाटला परतल्यावर त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीत तसंच सुरू केलं. दोन भजनं, थोडं वाचन, पाच मिनिटं शांतता, मग निरोप. आधी पाटीवर 'चर्च' असा शब्द होता. गल्लीतली माणसं विचारायला आली की इथं धर्म बदलवतात का. नानांनी पाटी उतरवली आणि 'परलोक प्रार्थना मंडळ' अशी नवी लावली. मग लोक भूतमंडळ म्हणायला लागले. त्यावर नानांनी नियम केले: दुपारी चार वाजता बसायचं, खिडक्या सताड उघड्या, लिंबू नाही, अंगारा नाही, दानपेटी नाही, आणि कोणी भविष्य विचारलं तर चहा पाजून घरी पाठवायचं.

मी आले ती विनायक गेल्यावर तीन महिन्यांनी. विनायक माझा नवरा, तहसील कचेरीत होता. तू ज्या दवाखान्यात सिस्टर होतीस तिथंच, तुझ्या वॉर्डात तो गेला. त्याच्याजवळ पाच दिवस बसून होते मी, आणि सहाव्या दिवशी दुपारी आंघोळीला म्हणून घरी गेले तेवढ्यात. परत आले तर तू दारात उभी होतीस. "झोपेतच गेले," म्हणालीस. तुझ्या चेहऱ्याकडं पाहून मला तेव्हाच वाटलं, ही काहीतरी लपवतेय.

नंतर कळलं, हीच सिस्टर रविवारी नानांकडं डोळे मिटून मेलेल्यांचे निरोप देते. मग तर माझी खात्रीच झाली. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. मुलांना सांगायचे, आधी बघा, मग लिहा, मग माना. मी चिटणीसाचं काम मागून घेतलं आणि वही घातली. उजव्या पानावर तू जे बोलायचीस ते शब्दाला शब्द. डाव्या पानावर, हे हिला कुठून कळलं असेल, याचा माझा शोध.

बापटकाकांची नोंद तुला आठवत असेल. काकू जाऊन चार महिने झाले होते. तू डोळे मिटलेस आणि तुझ्या नेहमीच्या साध्या आवाजात म्हणालीस, "ते म्हणे, कटंगीची गोष्ट मी कवाच सोडून देली. त्याईनंबी सोडाव." काका जागेवरच वाकले. काकूंची आई आजारी होती तेव्हा काकांनी त्यांना कटंगीला जाऊ दिलं नव्हतं, आणि आईची भेट राहिली ती राहिलीच. घराबाहेर ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. मी काय केलं? पुढच्या बाजारच्या दिवशी बस धरून कटंगीला गेले. काकूंच्या भावजयीला गाठलं, पाऊण तास चौकशी केली, तुझं नाव तिनं कधी ऐकलंही नव्हतं. हात हलवत परत आले. तुला कोणी सांगितलं कोण जाणे, पुढच्या रविवारी तू माझ्या कानाशी म्हणालीस, "कटंगीले गेलती म्हणे? येताना वांगे तरी आणाचे."

तेव्हा मला तुझा राग आला आणि तू आवडलीसही. त्यानंतर तू माझ्याकडं जेवायला यायला लागलीस.

पण वर्षं जात राहिली आणि माझा निरोप आला नाही. बापटकाकांचा आला, टपाल खात्यातल्या जोशींचा आला, खैरलांजीहून मोटारसायकलवर येणाऱ्या त्या दोघा भावांना त्यांच्या वडिलांचा आला. विनायकचा एक शब्द नाही. माझा विश्वास नव्हता, तरी दर रविवारी पाच मिनिटांच्या शांततेत माझे कान तुझ्याकडं लागलेले असत. मी तुला खोटी ठरवायला बसले होते, आणि तू माझ्याशी खोटंसुद्धा बोलत नव्हतीस. ते मला जास्त लागायचं. एकदा उघड विचारलं तर म्हणालीस, "आला नाई तं कुठून देऊ?"

तू निवृत्त झालीस आणि निरोप आटले. आधी महिन्यातून एखादा, मग वर्षातून दोन-तीन. बापटकाका म्हणाले, वयानं शक्ती कमी होते. नानाही तेवढ्यात गेले. खोलीतल्या चाळीस खुर्च्यांच्या पंचवीस झाल्या, मग नऊ. मुलं नागपूरला, रायपूरला, पुण्याला. जी इथं मध्य प्रदेशातच राहिली त्यांना मराठी नीट येत नाही. त्या सोनकांबळ्यांचा नातू आठवतो? आजीचा निरोप तू दिलास आणि तो त्याच्या आईला विचारत होता, "दादी क्या बोल रही है?" आईनं हिंदीत सांगितलं तोवर त्यातलं सगळं निघून गेलं. लोक बाबा-बुवांकडं जायला लागले, जिथं दर वेळी काहीतरी मिळतंच. आपल्याकडं येऊन रिकाम्या हातानं कोण परत जाईल? मी डाव्या पानावर लिहिलं: नोकरी संपली आणि निरोप संपले, याचा संबंध काय? उत्तर समोर होतं. पण मी तुझे हेर शोधत होते, म्हणून ते दिसलं नाही.

या वर्षी तुझं हृदय थकलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी पुढं काही करण्यासारखं नाही म्हटल्यावर तू घरी आलीस. भाची सोबतीला होती. मी रोज सकाळी यायचे. एक दिवस मी मोसंबी सोलत बसले होते आणि तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस. मी म्हटलं, आता तरी सांग. तुला कुठून कळायचं सगळं?

तू म्हणालीस, "त्याईच्याच तोंडून. अजून कुठून?"

मला वाटलं तू पुन्हा थट्टा करतेस. पण तू सांगत गेलीस. माणूस जायला टेकला की घरचे बाहेर धावपळीत असतात, औषधाची चिठ्ठी, गाडी, नातलगांना फोन. जवळ सिस्टर. मग तो सिस्टरला सांगतो. "मी पयले लगेच सांगो," तू म्हणालीस. "वऱ्हांड्यात सांगो. पण कोणी आइकतच नाई बाई. रडून राह्यले असतात, सही कुठं कराची ते इचारून राह्यले असतात. अन् मंग महिनाभरानं भेटलं तं म्हणतात, सिस्टर, आमचा माणूस काई बोलला का वो? मी सांगतलं होतं, ते त्याईच्या ध्यानातच नाई. नानाच्या खोलीत बसले की आइकतात. चूप बसून आइकतात. म्हणून तिथं सांगो."

"नानांना माहीत होतं?"

"नाई. त्याईले खरंच वाटे. तेवढं मले खुपते."

मी म्हटलं, ही फसवणूक आहे, निमा. लोक समजत होते निरोप परलोकातून आला.

"मी कवा म्हनलं तिकडून आला? निरोप त्याईचाच होता. एक अक्षर मी पदरचं घातलं नाई. शुद्धीत नसलेल्याचं तं एकबी सांगतलं नाई. तुह्या वहीत पाय. मी 'म्हणते' कवाच म्हनलं नाई. 'म्हणे' म्हनलं."

मग मी विचारलं. विचारणारच होते. विनायक काय म्हणाला?

तू खिडकीकडं पाहिलंस. मी मोसंबीची फोड पुढं केली ती घेतली नाहीस.

"मी नव्हती तिथं," तू म्हणालीस. "खाली नव्या डॉक्टरचा वाढदिवस होता. सगळे बोलवून राह्यले होते. म्हनलं दहा मिनिटं जाऊन येतो. मी केक खाऊन राह्यलती, बाई. वर आली तं ते गेलते. एकटेच. काई बोलले का नाई बोलले, मले नाई ठाऊक. म्हणून तुले कवाच काई देलं नाई. देता आलं असतं. दोन शब्द बनवता काय येत नव्हते? पण तुले नाई."

मी मोसंबीची सालं गोळा केली, वाटीत टाकली आणि उठले. तू "बस ना" म्हणालीस. मी बसले नाही. दोन दिवस आले नाही. घरी वही काढून सगळी उजवी पानं वाचली. खरंच, प्रत्येक ठिकाणी 'म्हणे', 'म्हनला', 'सांगत होती'. एकाही मृताला तू वर्तमानकाळात बोलू दिलं नव्हतंस. मी स्वतःच्या हातानं ते लिहून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चप्पल घालत होते तेव्हा भाचीचा फोन आला.

तर ते दोन दिवस माझ्याकडं आहेत आणि ते मला कुठं ठेवावे कळत नाही. तुला काय सांगायचं होतं, 'बस ना' म्हणून, तेही माझ्याकडं नाही.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. दहावं झाल्यावर मला वाटायला लागलं, केकची गोष्ट खरी कशावरून? कदाचित तू जवळच होतीस. विनायक असं काही बोलला असेल की ते मला सांगण्यापेक्षा तुला स्वतःवर दोष घेणं सोपं वाटलं. तुझ्या वॉर्डातली आया सुखवंती आता वैनगंगेच्या बाजूला मुलाकडं राहते. मी तिच्याकडं गेले. सरळ विचारलं.

ती म्हणाली, "हाँ, सिस्टर नीचे ही थी. मैं ही बुलाने गई थी. हाथ में प्लेट लेके ही ऊपर भागी." मग माझ्याकडं पाहून थांबली. "आपको किसने बताया? सिस्टर ने तो कसम दी थी." मी म्हटलं, तिनंच सांगितलं. मग सुखवंती बोलली. तू वर येऊन विनायकच्या पलंगावर बसलीस. मी जिना चढून येताना दिसेपर्यंत उठली नाहीस. ओल्या कापडानं त्याचं तोंड पुसलंस, केस विंचरलेस. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या कामाला बोलावलं तर गेली नाहीस, त्यावरून बोलणी खाल्लीस. "मरे हुए का हाथ पकड़ के बैठी थी," सुखवंती म्हणाली. "मैंने कहा, सिस्टर, अब क्या फायदा?"

मीही घरी येताना तेच म्हणत होते, आता काय उपयोग. पण पुलावर रिक्षा थांबवून थोडा वेळ उतरले होते.

आता परवाच्या रविवारचं. तुझ्या जागी कोणीतरी हवं म्हणून बापटकाकांच्या सुनेनं नागपूरहून एका बाईंना बोलावलं. बाईंनी आल्या आल्या खिडक्या लावून घेतल्या. फोन एका तीन पायांच्या स्टँडवर बसवला आणि सांगितलं की अशी मंडळं आता खोलीत टिकणार नाहीत, पण मोबाईलवर जगभर पोचतील. पुण्यात बसलेला मुलगा तिथून आपल्या आईशी बोलू शकेल. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. नऊ म्हाताऱ्यांच्या मंडळाला दुसरा रस्ता कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. मी फक्त बाईंच्या डोळ्यांकडं पाहत होते. ते पूर्ण मिटलेले नव्हते. बोलण्याआधी त्या प्रत्येकाचं नाव आणि नातं सुनेला विचारत होत्या.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "निर्मलाताई इथं आहेत," तुझं कागदावरचं नाव घेऊन म्हणाल्या. "त्या म्हणतात, मी फार सुखात आहे. आणि त्या म्हणतात, मैत्रिणीला सांगा, तिचे यजमान शेवटच्या श्वासापर्यंत तिचंच नाव घेत होते. मी जवळच होते."

निमा, एकोणीस वर्षं मी याच वाक्यासाठी येत होते. महिनाभरापूर्वी कोणी मला ते दिलं असतं, तर मी डावं पान कोरं ठेवलं असतं. आता ते समोर आलं आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या सकाळी मोसंबी न खाता तू मला काय देऊन ठेवलं होतंस.

मी म्हटलं, "नाही. ते एकटेच गेले. निमा जवळ नव्हती. तिनं स्वतः मला सांगितलंय."

बाई म्हणाल्या, कधीकधी लहरी मिसळतात. सुनेनं फोन बंद केला. बापटकाका मात्र माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "स्वतः सांगितलं म्हणजे? केव्हा?"

मला पळवाट होती. मी घेतली नाही. काकांचं वय ब्याऐंशी. काकूंचा निरोप त्यांनी सोळा वर्षं उराशी धरलेला, आणि मी त्यांना सांगितलं की तो परलोकातून आला नव्हता. काकूंनी तो तुला पलंगावर सांगितला होता आणि तू चार महिन्यांनी पोचवलास. मला वाटलं, मी काकूंना त्यांच्यापासून दुसऱ्यांदा नेते आहे.

काका खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "म्हणजे ती खरंच म्हणाली होती? तिच्या तोंडानं?"

"हो काका."

"शुद्धीत होती?"

"निमानं शुद्धीत नसलेल्यांचा एकही निरोप दिलेला नाही. तेही तिनंच सांगितलंय."

त्यांनी चष्मा काढला. "मी तुला कधी बोललो नाही," ते म्हणाले. "मला सोळा वर्षं संशय होता. वाटायचं, सिस्टर चांगली बाई आहे, माझी दया येऊन बोलली असेल. रोज वाटायचं." मग त्यांनी चष्मा न पुसताच पुन्हा लावला. "आता नाही वाटणार."

जोशी म्हणाले, त्यांनाही वाटायचं. मग एकेक करून सगळे. निमा, त्या खोलीत श्रद्धावान असे एक नानाच होते गं. बाकी आम्ही सगळे चोरून संशय घेत होतो, आणि दुसऱ्याचा विश्वास मोडू नये म्हणून गप्प बसत होतो.

नागपूरच्या बाई संध्याकाळच्या बसनं गेल्या. मंडळाचं पुढं काय, यावर वाद झाला. दोघं म्हणाले, बंद करा. सुनेला अजूनही मोबाईलचं पटतंय. काका म्हणाले, वॉर्डात ज्यांच्याजवळ कोणी नाही त्यांच्याजवळ आपण आळीपाळीनं बसू या, आणि निरोप त्याच दिवशी पोचवू. वऱ्हांड्यात कोणी ऐकलं नाही तर पुन्हा जाऊन सांगू. ऐकायला बरं वाटलं. मला मात्र शंका आली की चार आठवड्यांत गुडघेदुखी, लग्नकार्य, सगळं आडवं येईल आणि हेही आटेल. तसं मी म्हटलंही. काका म्हणाले, मग चार आठवडे तरी करू.

काल माझी पाळी होती. बिरसा तालुक्यातल्या खेड्यातली एक म्हातारी होती, फक्त गोंडी बोलणारी. मुलगा गावाहून निघाला होता, बस पोचायची होती. दुपारी दोनच्या सुमारास ती बोलायला लागली. माझा हात धरून, एकसारखी. मला एक शब्द कळेना. आयाला हाक मारली, ती दुसऱ्या टोकाला. मग मी पर्समधून कागद काढला आणि जसं ऐकू येईल तसं, देवनागरीत, अर्थ न कळता लिहीत गेले. शब्द कुठं तुटतो तेही माहीत नव्हतं. अडीच वाजता ती बोलायची थांबली, तीनच्या आत गेली. मी खाली गेले नाही, चहालासुद्धा नाही. हे तुला टोचून बोलत नाहीये. किंवा बोलतेय. तुला माफ केलंय की नाही हे मलाच अजून नीट माहीत नाही.

मुलगा चारला आला. मी वऱ्हांड्यात त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही, तू म्हणालीस तसंच. सही, गाडी, फोन. मी बाकावर बसून राहिले. सगळं आटोपल्यावर तो शेजारी येऊन बसला, तेव्हा मी कागद काढला आणि वाचायला लागले. माझे उच्चार भयंकर असणार. दोन ओळींनंतर त्यानं मान वर केली.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

"बोली, छोटी बकरी लंगड़ा रही है," तो म्हणाला. "उसको दूर चराने मत ले जाना."

एवढंच. बाकीच्या सगळ्या ओळींतही बकरीच होती. मला वाटलं, मी काहीतरी महत्त्वाचं चुकीचं लिहिलं असणार, मधला शब्द सुटला असणार. तसं त्याला म्हटलंही. त्यानं मान हलवली. नाही म्हणाला, आई अशीच बोलते.

"फिर से पढ़ो, मैडम," तो म्हणाला.

मी वाचलं. मग त्यानं आणखी एकदा वाचायला लावलं, तेव्हाही वाचलं.